रुमाल, कुलूप आणि टपालाची फाईल

युनिक्स आणि लिनक्स सर्व्हरवर एका माणसाला आलेले सगळे ई-टपाल कैक वर्षे एकाच फाईलीत साठत आले आहे, आणि पुष्कळ ठिकाणी आजही तसेच साठते. या पद्धतीला ‘एमबॉक्स’ म्हणतात. जमाखर्चाच्या वहीसारखी ही एक लांबच लांब मजकुराची फाईल असते. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर ‘फ्रॉम’ हा शब्द, त्यानंतर एक मोकळी जागा, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि तारीख अशी ओळ असते. पुढची तशी ओळ आली की पहिले पत्र संपले आणि दुसरे सुरू झाले, एवढीच काय ती सीमारेषा. पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ ‘फ्रॉम’ने सुरू होत असेल तर तिच्यापुढे मोठेपणाचे चिन्ह टाकून ती वेगळी दाखवतात.

या वहीत हात घालणारे किमान दोन असतात. एक, बाहेरून आलेले पत्र शेवटी चिकटवणारा वाटपाचा प्रोग्रॅम. दुसरा, मालकासाठी पत्रे वाचणारा आणि नको ती काढून टाकणारा प्रोग्रॅम. मधल्या चार ओळी काढायच्या तर पुढचा सगळा मजकूर वर सरकवून लिहावा लागतो, म्हणून पत्र खोडणे म्हणजे बहुधा फाईल नव्याने लिहिणे. समजा, फाईलीत चाळीस पत्रे आहेत. वाचणाऱ्याने ती उचलली आणि दोन खोडून अडतीस परत लिहायला घेतली. तेवढ्यात वाटप करणाऱ्याने एकेचाळिसावे पत्र शेवटी जोडले. वाचणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही. तो आपली अडतीस पत्रे लिहितो, उरलेली शेपटी कापतो आणि फाईल बंद करतो. नवे पत्र गेले. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने पोचल्याची नोंद केलेली असते, घेणाऱ्याच्या टपालात त्याचा मागमूस नसतो आणि लॉगमध्ये चूक झाल्याची एक ओळही उमटत नाही. दोन पत्रे एकाच वेळी जोडली गेली तर निदान फाईलीत खिचडी दिसते, एकाच्या पोटात दुसऱ्याचे डोके सापडते. पहिल्या प्रकारात तेही नसते, म्हणून तो जास्त वाईट.

हे टाळण्यासाठी फाईलीला लॉक लावतात. लॉक म्हटले की कडीकुलूप डोळ्यांपुढे येते आणि गैरसमजाची सुरुवात तिथेच होते. नगर-सोलापूर रस्त्यावर मिरजगावला एसटी थांबली की माणसे चढायच्या आधी खिडकीतून रुमाल, टोप्या आणि पिशव्या आत जातात. सीटवर पडलेला रुमाल कोणाला बसण्यापासून अडवू शकत नाही. तो उचलून खाली टाकणे अगदी सोपे आहे. तरीही जागा धरली जाते, कारण रुमालाचा अर्थ गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक असतो आणि बहुतेक जण तो पाळतात. या टपाल-फाईलीचे, म्हणजे मेलबॉक्सचे, लॉक याच जातीचे आहे. इंग्रजीत त्याला ‘अ‍ॅडव्हायझरी’, म्हणजे सल्लावजा, म्हणतात. ज्या प्रोग्रॅमला लॉक बघायची सवय नाही, तो खुशाल फाईलीत लिहितो. सर्व्हर सांभाळणाऱ्याने ‘व्हीआय’ या संपादकात एखाद्याचा मेलबॉक्स उघडला, दहा मिनिटे त्यात काही शोधले आणि जाताना सेव्ह केले, तर त्या दहा मिनिटांतली पत्रे वर सांगितल्याप्रमाणे उडू शकतात. ‘व्हीआय’ने कोणाचा रुमाल पाहिलेला नसतो आणि स्वतःचाही टाकलेला नसतो.

भारतातले संगणकी टपाल ज्या यंत्रांवर सुरू झाले तिथेही हीच रीत होती. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स खात्याने ‘अर्नेट’ हा प्रकल्प हाती घेतला. मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईचे आयआयटी हे त्यातले महाराष्ट्रातले दोन घटक. सुरुवातीचे टपाल साध्या फोनवर मोडेम जोडून ‘यूयूसीपी’ पद्धतीने जाई. मोडेम एक आणि तो वापरू पाहणारे प्रोग्रॅम अनेक, म्हणून तिथेही ‘एलसीके’ या अक्षरांनी सुरू होणारी छोटी फाईल तयार करून मोडेम अडवला जाई आणि तो कोणी धरला त्याचा प्रोसेस क्रमांक तीत लिहिला जाई. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यातली स्वस्त ‘शेल’ खाती घेणारे लोक ‘पाइन’सारख्या प्रोग्रॅमने थेट सर्व्हरवरची टपालाची फाईलच वाचत. लाईन तुटून पुन्हा जोडणी केली की आधीचे ‘पाइन’ तिकडे अजून जिवंत असायचे आणि नव्याला फाईल फक्त वाचण्यापुरती मिळायची. आपणच आपल्या आड आलो आहोत, हे वापरणाऱ्याला कळायला वेळ लागे.

जागा धरायच्या रीती दोन. पहिली ‘डॉट-लॉक’. मेलबॉक्सच्या नावापुढे टिंब आणि ‘लॉक’ जोडून त्याच फोल्डरमध्ये एक छोटी फाईल तयार करायची. ती आहे तोवर मेलबॉक्स कोणाच्या तरी हातात आहे. काम झाले की ती पुसायची. सगळी गोम ती तयार करण्याच्या क्षणात आहे. ‘आहे का ते बघ’ आणि ‘नसेल तर तयार कर’ या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या तर दोघेही एकदम बघतात, दोघांनाही ती दिसत नाही आणि दोघेही तयार करतात. म्हणून ‘नसेल तरच तयार कर, असेल तर नकार दे’ असे एकच अखंड काम ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतात. एका यंत्राच्या डिस्कवर हे चोख चालते. पण मेलबॉक्स दुसऱ्या यंत्रावर असून ‘एनएफएस’ने नेटवर्कवरून वापरला जात असेल, तर एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत या अखंडपणाची हमी नव्हती. ती तिसऱ्या आवृत्तीत आली. लिनक्सवर त्यासाठी कर्नलही (सिस्टीमचा गाभा) २.६ किंवा त्यापुढचे लागते. तोवर जाणकारांनी एक युक्ती काढली होती. यंत्राचे नाव आणि प्रोसेस क्रमांक घालून स्वतःच्या नावाची एक फाईल करायची आणि तिला लॉक फाईलच्या नावाने दुसरी ‘लिंक’ द्यायची. सर्व्हरचे उत्तर वाटेत हरवले तरी घाबरायचे नाही, आपल्या फाईलीला किती नावे आहेत ते मोजायचे. दोन भरली तर लॉक आपले.

दुसरी रीत कर्नलकडे नोंद करण्याची. गाडीतल्या उदाहरणात बोलायचे तर रुमाल न टाकता कंडक्टरला सांगून ठेवायचे. याचेही प्रकार आहेत. बर्कलीच्या युनिक्समधून ‘फ्लॉक’ आले, एटी अँड टीच्या घराण्यातून ‘लॉकएफ’, आणि पोझिक्स मानकाने ‘एफसीएनटीएल’ पक्के केले. लिनक्सवर ‘लॉकएफ’ आतून ‘एफसीएनटीएल’च असते. ‘फ्लॉक’ मात्र स्थानिक डिस्कवर त्याच्याशी पूर्ण फटकून राहते. एकाने फ्लॉक लावले आणि दुसऱ्याने एफसीएनटीएल लावले तर दोघांनाही होकार मिळतो. या रीतीची मोठी सोय अशी की प्रोसेस मेली की कर्नल तिची नोंद आपोआप खोडते, म्हणजे मागे बेवारस काही उरत नाही. एफसीएनटीएलची खोड वेगळीच आहे. एकाच प्रोसेसने तीच फाईल दोनदा उघडली आणि त्यातली एक प्रत बंद केली, तर त्या फाईलीवरची तिची सगळी लॉक सुटतात, दुसरी प्रत अजून उघडी असली तरी. मानकात हे असे का ठेवले असेल याचे नवल वाटते, पण आहे तसेच आहे आणि त्यापायी अनुभवी प्रोग्रॅमरही फसले आहेत.

एक रीत पुरत नाही म्हणून पुष्कळ प्रोग्रॅम दोन्ही लावतात. मग क्रमाचा प्रश्न येतो. वाटप करणारा आधी डॉट-लॉक घेऊन एफसीएनटीएलची वाट पाहतो, वाचणारा आधी एफसीएनटीएल घेऊन डॉट-लॉकची. दोघांच्या हातात अर्धे अर्धे, आणि ‘पहले आप’ म्हणणाऱ्यांसारखे दोघेही उभे. डेबियन लिनक्सच्या धोरणात यासाठी स्पष्ट नियम आहे. मेलबॉक्सला हात लावणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमने एफसीएनटीएल आणि डॉट-लॉक दोन्ही वापरावे, आधी एफसीएनटीएल घ्यावे आणि मग डॉट-लॉक, नाहीतर दोन्ही ताटकळत न राहता घ्यावीत आणि न मिळाल्यास सोडून द्यावीत. वितरणातल्या पॅकेजांवर हा नियम चालतो. कोणी स्वतः मूळ कोडपासून बांधून बसवलेला प्रोग्रॅम मात्र आपल्या बांधणीच्या वेळच्या सवयीने वागतो. अडचणीच्या कथांमध्ये असा एक पाहुणा बऱ्याचदा सापडतो.

लॉक न मिळाल्यास पत्र लगेच हरवत नाही. वाटप करणारा काही वेळ थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो आणि तरीही जमले नाही तर ७५ हा क्रमांक परत देऊन बाहेर पडतो. युनिक्सच्या संकेतात ७५ म्हणजे ‘सध्या जमत नाही, नंतर बघा’. पत्र रांगेत जाते. वाटपाच्या प्रोग्रॅमांपैकी पोस्टफिक्स मुळात एकेक सेकंदाच्या अंतराने वीस वेळा लॉक मागून पाहते आणि लॉक फाईल ५०० सेकंदांपेक्षा जुनी असेल तर बेवारस समजून काढते. एक्झिम दहा वेळा प्रयत्न करते, प्रत्येक वेळी तीन सेकंद थांबून, आणि अर्ध्या तासापेक्षा जुनी लॉक फाईल मोडते. प्रॉकमेल आठ सेकंद झोपून पुन्हा बघते, तिची मर्यादा १०२४ सेकंद. हे आकडे शेजारी मांडले की एक गोष्ट लक्षात येते. ज्या लॉकला एक्झिम अजून जिवंत मानते, ते पोस्टफिक्सने केव्हाच मोडलेले असेल. म्हणून जास्त वेळ फाईल धरून बसणाऱ्या प्रोग्रॅमने मधूनमधून लॉक फाईलची वेळ ताजी करत राहायचे असते. रांगेतले पत्र पोस्टफिक्समध्ये पाच दिवस राहते. तेवढ्यात अडथळा निघाला नाही तर ते पाठवणाऱ्याकडे परत जाते, आणि तक्रार बहुधा तेव्हाच येते.

अडथळ्याचा शोध लॉगपासून सुरू होतो. तिथला शेवटचा शब्द महत्त्वाचा. ‘परवानगी नाही’ आणि ‘साधन सध्या उपलब्ध नाही’ या दोन वेगळ्या व्याधी आहेत, पण घाईत दोन्हींना ‘लॉकचा प्रॉब्लेम’ म्हटले जाते. ‘परवानगी नाही’ असेल तर बहुधा कोणीही लॉक धरलेले नसते. लॉक फाईल मेलबॉक्सच्या शेजारी तयार होते, म्हणजे प्रोग्रॅमला त्या फोल्डरमध्ये नवी फाईल करायचा हक्क हवा. डेबियनमध्ये ‘व्हार’मधला ‘मेल’ हा फोल्डर रूटच्या मालकीचा आणि ‘मेल’ गटाला लिहिता येईल असा, २७७५ परवानगीचा असतो. प्रोग्रॅम त्या गटाच्या हक्काने चालला नाही तर लॉक फाईल होत नाही. मेलबॉक्सच्या स्वतःच्या परवानग्या कितीही बरोबर असोत, उपयोग नाही. काल चालत होते आणि आज नाही, मध्ये फक्त अपडेट झाले, अशा वेळी प्रोग्रॅमवरचा गट-हक्काचा बिट गेला का ते आधी पाहावे. डिस्क भरली किंवा कोटा संपला तरी लॉक फाईल तयार होत नाही आणि संदेशात लॉकचेच नाव दिसते. दोन मिनिटांत तपासून होणारी ही गोष्ट पुष्कळदा शेवटी तपासली जाते.

परवानगी आणि जागा दोन्ही ठीक असतील तर फोल्डरमध्ये लॉक फाईल पडली आहे का ते पाहायचे. असेल तर तिची वेळ आणि आतला प्रोसेस क्रमांक. ‘पीएस’ने तो क्रमांक जिवंत आहे का ते कळते. जिवंत आहे म्हणजे लॉक खरे, असा निष्कर्ष मात्र लगेच काढू नये. क्रमांक फिरून फिरून वापरले जातात. सर्व्हर रात्री बंद पडून पुन्हा सुरू झाला असेल तर कालच्या वाटप प्रोग्रॅमचा क्रमांक आज घड्याळ जुळवणाऱ्या सेवेला मिळालेला असू शकतो. शिवाय क्रमांक कोणत्या यंत्राचा हाही प्रश्न आहे. एनएफएसवर दोन यंत्रे एक फोल्डर वापरत असतील, किंवा आजच्या रीतीप्रमाणे वाटपाचा प्रोग्रॅम एका कंटेनरमध्ये आणि वाचण्याचा दुसऱ्यात असेल, तर एकाचा क्रमांक दुसऱ्याला निरर्थक असतो. प्रोसेस खरोखर मेलेली असेल तरच लॉक फाईल हाताने पुसावी. जिवंत प्रोसेसचे लॉक ‘अडलंय म्हणून’ पुसणे म्हणजे सीटवरचा रुमाल उचलून स्वतः बसणे, आणि रुमालवाला अजून गाडीतच आहे.

लॉक फाईल नाही, तरीही वाटप अडते आहे, असे असेल तर नोंद कर्नलकडे आहे. ‘एलएसओएफ’ किंवा ‘फ्यूजर’ फाईल कोणी उघडली आहे ते सांगतात. लिनक्सवर ‘प्रॉक’ फोल्डरात ‘लॉक्स’ नावाची फाईल असते. तिच्यात लॉकचा प्रकार, धरणाऱ्याचा क्रमांक आणि फाईलीचा आयनोड क्रमांक असतो. ‘एलएस’ला ‘आय’ जोडून मेलबॉक्सचा आयनोड काढायचा आणि दोन्ही जुळवायचे. दुसऱ्या यंत्राने एनएफएसवरून धरलेले लॉक मात्र इथे दिसेलच असे नाही, ते त्या यंत्रावर जाऊन शोधावे लागते. पोस्टफिक्सची बाजू तपासायला ‘पोस्टकॉन्फ’ला ‘एल’ जोडून चालवले की त्या यंत्रावर लॉकच्या कोणत्या रीती उपलब्ध आहेत ते छापून येते. डव्हकॉट या वाचणाऱ्या बाजूच्या प्रोग्रॅममध्ये वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या लॉकचा क्रम सेटिंगमध्ये वेगवेगळा लिहिता येतो. दोन्हींचे सेटिंग शेजारी ठेवून वाचले की क्रमाचा घोळ बहुतेक वेळा तिथेच उघडा पडतो. नाही पडला तर ‘एसट्रेस’ लावून प्रोग्रॅम कर्नलकडे नेमके काय मागतो ते पाहणे हा शेवटचा उपाय.

दोन यंत्रांच्या घड्याळांचा घोळ याहून फसवा. लॉक फाईलची वेळ फाईल-सर्व्हर आपल्या घड्याळाने टाकतो आणि ती जुनी आहे की नाही हे दुसरे यंत्र आपल्या घड्याळाने ठरवते. ते वीस मिनिटे पुढे असेल तर आत्ता केलेली लॉक फाईल त्याला वीस मिनिटांची शिळी दिसते. त्याची मर्यादा याहून कमी असेल तर ते ती बिनदिक्कत मोडते. लक्षण असे की कधीमधी एखादे पत्र हरवते, रोज नाही, आणि नेमके गर्दीच्या वेळी.

एक प्रकार सर्व्हरवाल्यापेक्षा वापरणाऱ्याला जास्त छळतो. समजा, डायल-अपच्या दिवसांत मिरजगावच्या पेठेतल्या एका दुकानातून मोडेमने टपाल उतरवले जात आहे. दोन एमबीचे छायाचित्र पत्राला जोडलेले. टपालात जाताना ते सुमारे एक तृतीयांशाने फुगून पावणेतीन एमबी होते. खेड्यातल्या तारेवर सेकंदाला चार केबी मिळाले तरी अकरा-बारा मिनिटे लागतात. सातव्या मिनिटाला लाईन कटते. पीओपी-३ या टपाल उतरवण्याच्या पद्धतीचा १९९६ चा नियम (आरएफसी १९३९) सांगतो की ओळख पटली की सर्व्हरने त्या मेलबॉक्सवर एकाच्याच ताब्याचे लॉक घ्यावे, आणि काही हालचाल नसली तरी निदान दहा मिनिटे जोडणी तोडू नये. तार तुटल्याचे सर्व्हरला कळलेले नसते. दुकानदार दोन मिनिटांत पुन्हा फोन लावतो. जुनी जोडणी सर्व्हरच्या लेखी जिवंत असते आणि लॉक तिच्या हातात. नव्या जोडणीला नकार मिळतो. तो नकार पासवर्ड सांगितल्यानंतर येतो आणि चुकीच्या पासवर्डला मिळणाऱ्या नकारासारखाच दिसतो. म्हणून टपालाचा प्रोग्रॅम पुन्हा पासवर्ड विचारतो. माणूस तीनदा टाइप करतो, कॅप्स लॉक बघतो, शेवटी पासवर्ड बदलून घ्यायच्या मागे लागतो. पासवर्ड मुळात बरोबरच असतो. १९९८ च्या आरएफसी २४४९ ने यासाठी ‘वापरात आहे’ असा वेगळा संकेत दिला, पण तो दोन्ही बाजूंना समजला तर उपयोग. यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, दहा-पंधरा मिनिटे हात लावायचा नाही.

त्यातच आणखी एक भर. पीओपीत पत्र ‘खोडा’ असे सांगितले तरी ते खरोखर खोडले जाते ते व्यवस्थित निरोप घेतल्यावर. लाईन मध्येच कटली तर उतरलेली पत्रेही सर्व्हरवर तशीच राहतात आणि पुढच्या वेळी पुन्हा उतरतात. एकच पत्र तीन-तीनदा आले की पाठवणाऱ्याला दोष दिला जाई. दर मिनिटाला टपाल तपासायचे सेटिंग ठेवणारे स्वतःच स्वतःला अडवत, कारण आधीचे उतरवणे चालू असताना पुढची तपासणी दारात येऊन उभी.

लॉकचा हा सगळा संसारच नको म्हणून डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या आपल्या टपाल-प्रोग्रॅमसोबत ‘मेलडिर’ ही पद्धत आणली. तिच्यात प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाईल असते आणि तीन फोल्डर: तात्पुरते, नवे आणि चालू. वाटप करणारा वेळ, प्रोसेस क्रमांक आणि यंत्राचे नाव जोडून जगात दुसरे नसेल असे नाव बनवतो, पत्र ‘तात्पुरते’मध्ये पूर्ण लिहितो आणि मग ‘नवे’मध्ये हलवतो. हलवणे अखंड असते, म्हणून वाचणाऱ्याला अर्धवट पत्र कधी दिसत नाही. खोडणे म्हणजे एक फाईल पुसणे, शेजारच्या पत्राला धक्का नाही. एनएफएसवरही हे चालते. त्याची किंमत फाईलींच्या संख्येत मोजावी लागते. वीस हजार पत्रांच्या वीस हजार फाईली होतात, बॅकअप रेंगाळतो, आणि शोध जलद व्हावा म्हणून डव्हकॉटसारखे प्रोग्रॅम जी सूची ठेवतात तिला पुन्हा छोटे लॉक लागतेच. ते अडले तर पत्र हरवत नाही, फक्त यादी उशिरा दिसते.

जुना एमबॉक्स मेलडिरमध्ये नेताना मात्र एकदा सगळे नियम पाळावे लागतात. वाटप थांबवायचे, येणारे टपाल रांगेत राहू द्यायचे, वाचणाऱ्या सगळ्या जोडण्या बंद झाल्याची खात्री करायची, आणि मगच एफसीएनटीएल व डॉट-लॉक दोन्ही घेऊन फाईल फोडायची. मजकुरातल्या एखाद्या ओळीपुढचे मोठेपणाचे चिन्ह राहून गेले असेल तर एका पत्राची दोन होतात. म्हणून आधी आणि नंतर पत्रे मोजून आकडा जुळवायचा, जुनी फाईल काही दिवस बाजूला ठेवायची आणि मग रांग मोकळी करायची.